अकरावीच्या वर्गात संमिश्र संख्या: पहिल्यांदा शिकवणाऱ्यांसाठी

संमिश्र संख्यांचा धडा बहुतेक वर्गांत एकाच वाक्याने उघडतो: "क्ष² + १ = ० ला उत्तर नाही, म्हणून आपण एक नवी संख्या मानू." हे वाक्य टाळा. वर्षभरापूर्वी दहावीत याच मुलांना आपण सांगितलेलं असतं की विवेचक (वर्गसमीकरणाच्या सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) ऋण आला की वास्तव मुळं नाहीत, प्रश्न संपला. उत्तर नाही तर नाही, त्यात कुणाचं काही अडलेलं नसतं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "सर, शून्याने भागता येत नाही, मग तिथे पण नवी संख्या मानायची का?" प्रश्न चोख आहे. पण पहिल्याच तासाला त्याचं उत्तर द्यायला तुमच्या हातात काही नसतं.

मुंबईतल्या ज्युनिअर कॉलेजात किंवा क्लासमध्ये हा धडा पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. माझा क्रम असा: आधी गरज दाखवायची, मग गिरकी, आणि नियम सगळ्यांत शेवटी. पुस्तकातला क्रम बहुधा उलटा असतो. पुस्तक उलटं वाचलं तरी चालतं.

एक सूचना अक्षरांबद्दल. या लेखात अज्ञात संख्येसाठी 'क्ष' आणि ज्या संख्येचा वर्ग −१ आहे तिच्यासाठी 'इ' लिहिलं आहे. ३ + २इ सारखी, साधी संख्या आणि इ ची पट मिळून झालेली, ती संमिश्र संख्या. फळ्यावर मात्र पुस्तकातलीच इंग्रजी अक्षरं लिहा. क्लासला जाणारी मुलं 'इ'ला 'आयोटा' म्हणतात, म्हणू द्या.

सुरू करण्याआधी

मुंबईत अकरावीचे प्रवेश फेऱ्याफेऱ्यांनी होतात. वर्ग भरतो तेव्हा एसएससीची, सीबीएसईची आणि आयसीएसईची मुलं एकाच बाकावर असतात, आणि काही जण दोन आठवडे उशिराच उगवलेले असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना गणित येत असतं, पण शब्द इंग्रजी झाल्यामुळे ती गप्प बसतात. पहिल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात वर्गमूळ, विवेचक, सहगुणक यांच्यासमोर इंग्रजी शब्द लिहून ठेवा आणि धडा संपेपर्यंत तो कोपरा पुसू देऊ नका.

मग दहा मिनिटांची उजळणी घ्या: वर्गसमीकरणाचं सूत्र, (अ + ब)² आणि (अ + ब)³ चे विस्तार, आणि आलेख कागदावर बिंदू मांडणं. घनाचा विस्तार विसरलेली मुलं पुढच्याच तासाला अडकतात, म्हणून तो प्रत्येकाकडून एकदा लिहून घ्या. साहित्यात आलेख कागद, कंपासपेटी आणि थोडा ट्रेसिंग पेपर पुरे.

पहिला तास: अडलेलं घनसमीकरण

ही संख्या गणितात आली ती घनसमीकरणातून. म्हणून आपणही घनसमीकरणातूनच शिरू.

फळ्यावर क्ष³ = ६क्ष + ९ लिहा. मुलं अंदाजाने ३ म्हणतील, कारण २७ = १८ + ९. मग सांगा, सोळाव्या शतकात इटलीत यासाठी सूत्र सापडलं. सूत्र पाठ करून घ्यायचं नाही, फक्त ते कुठून आलं ते दाखवा. क्ष = उ + व धरलं, तर घनाच्या विस्तारातून क्ष³ = ३उव·क्ष + (उ³ + व³) मिळतं. म्हणजे ३उव = ६ आणि उ³ + व³ = ९ हवं. उव = २ म्हणून उ³व³ = ८. ज्या दोन संख्यांची बेरीज ९ आणि गुणाकार ८ त्या ८ आणि १. घनमुळं २ आणि १. क्ष = ३. वर्ग खूश होतो, कारण दहावीच्या वर्गसमीकरणाने अकरावीचं घनसमीकरण सुटलं.

आता क्ष³ = १५क्ष + ४ द्या. उत्तर ४ आहे, ६४ = ६० + ४, हे कुणीतरी लगेच सांगेल. "सूत्राने काढा," म्हणा. ३उव = १५, म्हणजे उव = ५, उ³व³ = १२५, आणि उ³ + व³ = ४. वर्गसमीकरणाचं सूत्र लावलं की उ³ आणि व³ येतात २ + √−१२१ आणि २ − √−१२१.

इथे थांबा आणि वर्गाला पाच मिनिटं भांडू द्या. उत्तर समोर दिसतं आहे, ते साधंसुधं ४ आहे, आणि सूत्र मात्र अशा ठिकाणी घेऊन गेलं जिथे दहावीत आपण पाटी पुसत होतो. "उत्तर नाही" ही पळवाट इथे बंद होते. हे समीकरण मुद्दाम वाकडं निवडलं असंही नाही. ज्या अशा घनसमीकरणाची तिन्ही मुळं वास्तव आणि वेगवेगळी असतात, तिथे हे सूत्र दरवेळी ऋण संख्येच्या वर्गमुळातूनच जातं. (इथली उरलेली दोन मुळं −२ + √३ आणि −२ − √३. पडताळणी घरी.)

रफाएल बोंबेली हा पेशाने अभियंता, दलदली उपसून जमीन मोकळी करणारा. त्याच्या १५७२ च्या बीजगणितात त्याने नेमकं हेच समीकरण घेतलं आणि √−१ ला नेहमीचे नियम लावून पाहिले. तुम्हीही तेच करा. √−१ ला इ म्हणा, इ² = −१, बाकी सगळं नेहमीचं. मग √−१२१ म्हणजे ११इ. आता (२ + इ)³ मुलांना करायला सांगा. आधी (२ + इ)² = ४ + ४इ − १ = ३ + ४इ. त्याला पुन्हा (२ + इ) ने गुणलं की ६ + ३इ + ८इ − ४ = २ + ११इ. म्हणजे उ = २ + इ, व = २ − इ, आणि बेरीज ४. मधला इ आला तसा गेला, आणि उत्तर बरोबर निघालं.

शून्याने भागण्याच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. १ ÷ ० ला संख्या मानून नेहमीचे नियम लावले की १ = २ सारखी उत्तरं निघतात. इ मानून तेच नियम लावले तर काही मोडत नाही, उलट अडलेलं सूत्र चालू होतं. नवी संख्या आत घ्यायची की नाही, याची कसोटी हीच.

इतिहास सांगायचा तर दोनच गोष्टी सांगा, तारखांची जंत्री नको. कार्दानो या इटलीतल्या गणितज्ञाने १५४५ मध्ये '१० चे असे दोन भाग करा की गुणाकार ४० येईल' हा प्रश्न घेतला, ५ + √−१५ आणि ५ − √−१५ ही उत्तरं लिहिली, आणि हे जितकं सूक्ष्म तितकंच निरुपयोगी असा शेराही मारला. दुसरी गोष्ट आपल्याकडची. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला लिहिलेल्या बीजगणितात स्पष्ट म्हटलं आहे की ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कुणाचाच वर्ग नाही. "म्हणजे भास्कराचार्य चुकले?" असं मुलं विचारतात. चुकले नाहीत. संख्यारेषेवर उभं राहून पाहिलं तर ते शंभर टक्के बरोबर आहे. पुढच्या तासाला आपण रेषा सोडणार आहोत.

दुसरा तास: दादरला उभे राहा

माझ्या मते हा तास सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच घाईत उरकला जातो.

मुलांना सांगा: तुम्ही दादर स्टेशनात वेस्टर्न लाइनच्या फलाटावर उभे आहात. दादर म्हणजे शून्य. बोरिवलीच्या बाजूला धन संख्या, चर्चगेटच्या बाजूला ऋण. तोंड बोरिवलीकडे आहे. −१ ने गुणणं म्हणजे काय? तोंड फिरवून चर्चगेटकडे करणं, १८० अंशांची गिरकी. पुन्हा −१ ने गुणलं की पुन्हा बोरिवली. 'ऋण गुणिले ऋण धन' हा सातवीत नुसता पाठ केलेला नियम काहींना इथे पहिल्यांदा दिसतो.

आता विचारा, अशी कोणती क्रिया आहे जी दोनदा केली की तोंड चर्चगेटकडे होतं? वर्गातून उत्तर येतंच: निम्मी गिरकी. डावीकडे ९० अंश वळा, तोंड शिवाजी पार्ककडे. आणखी ९० अंश, चर्चगेट. ही ९० अंशांची डावी गिरकी म्हणजे इ ने गुणणं. दोनदा केली की −१. तिसऱ्यांदा वळलात की तोंड दादर पूर्वेला, ती −इ. चौथ्यांदा पुन्हा बोरिवली. इ, −१, −इ, १ हे चक्र मुलांना उभं करून अंगाने करायला लावा. सतरा वर्षांची मुलं आधी लाजतात, मग मजेने फिरतात. त्यानंतर इ चा २०२६ वा घात किती हे विचारलं तर सूत्र लागत नाही: २०२६ ला ४ ने भागून बाकी २, म्हणजे चर्चगेट, म्हणजे −१.

√−१ रुळांवर का सापडत नव्हतं तेही इथे कळतं. उत्तर स्टेशनाबाहेर पश्चिमेला होतं.

लगेच आलेख कागद काढा. आडवा अक्ष वास्तव, म्हणजे आपले रूळ; उभा अक्ष काल्पनिक, म्हणजे शिवाजी पार्कची दिशा. ३ + २इ म्हणजे तीन उजवीकडे, दोन वर. संख्या अशी कागदावर बिंदू म्हणून मांडायची कल्पना वेसेल या नॉर्वेजियन-डॅनिश मोजणीदाराने १७९७ मध्ये डेन्मार्कच्या अकादमीपुढे मांडली. १८०६ मध्ये पॅरिसमध्ये आरगाँने ती स्वतंत्रपणे छापली. पुस्तकातलं 'अर्गंड डायग्राम' हे नाव त्याचंच. म्हणजे बोंबेलीनंतर सव्वादोनशे वर्षं लोक इ वापरत होते, पण तो कुठे ठेवायचा हे ठाऊक नव्हतं. आपली मुलं ते एका तासात पाहतात, तेव्हा त्यांना थोडा वेळ द्या.

तिसरा तास: ट्रेसिंग पेपर

बेरीज-वजाबाकीवर पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. वास्तवात वास्तव, काल्पनिकात काल्पनिक, मुलांना ते आपसूक येतं.

गुणाकाराला वेळ द्या. प्रत्येक जोडीने आलेख कागदावर ३ + २इ चा बिंदू मांडावा, वर ट्रेसिंग पेपर ठेवून तो बिंदू आणि शून्यबिंदू उतरवून घ्यावेत, मग शून्यावर कंपासचं टोक टेकवून कागद डावीकडे ९० अंश फिरवावा. बिंदू जातो −२ + ३इ वर. आता वहीत इ(३ + २इ) = ३इ + २इ² = −२ + ३इ. हाताने फिरवलेलं आणि कंस सोडवून आलेलं एकच निघतं. हे दोनदा-तीनदा वेगळ्या बिंदूंनी झालं पाहिजे, एकदाच झालं तर योगायोग वाटतो.

मग (२ + इ)(३ + २इ). कंस सोडवा: ६ + ४इ + ३इ − २ = ४ + ७इ. तिन्ही बिंदू मांडा, कोनमापकाने कोन मोजा आणि पायथागोरसने शून्यापासूनची अंतरं काढा. कोन साधारण २६.६ आणि ३३.७, गुणाकाराचा ६०.३. अंतरं √५ आणि √१३, गुणाकाराचं √६५. कोनांची बेरीज झाली, अंतरांचा गुणाकार झाला. मॉड्युलस (हे अंतर) आणि आर्ग्युमेंट (हा कोन) हे शब्द इथे आणा, आधी नको.

५ × १३ = ६५ = ४² + ७² हे फळ्यावर वेगळं लिहा. दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणलं की पुन्हा दोन वर्गांची बेरीजच येते. ब्रह्मगुप्ताच्या इसवी सन ६२८ च्या ग्रंथात 'भावना' नावाचा जो गुणाकाराचा नियम आहे, त्याचंच हे एक रूप. संमिश्र संख्यांचं नावही नव्हतं तेव्हा त्यांच्या गुणाकाराचा सांगाडा लिहून झाला होता. मला ही गोष्ट कार्दानोच्या शेऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आवडते, आणि मुलंही ती लक्षात ठेवतात.

कॉन्ज्युगेट आणि भागाकार त्यानंतर. २ + इ चं आडव्या अक्षातलं प्रतिबिंब २ − इ. दोघांचा गुणाकार ५, इ गायब. भागाकारात छेदातला इ घालवायला हेच वापरायचं. दहावीपर्यंत छेदातली करणी काढायची युक्ती मुलांनी केलेली असते, तीच ही, एवढं सांगितलं की पुरतं. (३ + २इ) ÷ (१ − इ) एकदा करून दाखवा: अंश-छेदाला १ + इ ने गुणा, अंशात १ + ५इ, छेदात २.

हमखास होणाऱ्या चुका

पहिली चूक सगळ्यांत महाग पडते: √−४ × √−९ = √३६ = ६. बरोबर उत्तर −६, कारण २इ × ३इ = ६इ². √अ × √ब = √अब हा नियम दोन्ही संख्या ऋण असताना लागत नाही. तो तसाच लावला तर −१ = √−१ × √−१ = √१ = १ सुद्धा सिद्ध होतं. हे मुलांना करून दाखवा आणि चूक त्यांना शोधू द्या. सवय एकच लावायची: ऋण संख्येचं वर्गमूळ दिसलं की आधी इ बाहेर काढायचा, मग बाकीचं.

३ + ४इ चा काल्पनिक भाग ४ आहे, ४इ नाही. पाव मार्काची गोष्ट आहे, पण एमसीक्यूत नेमका हाच पर्याय लावलेला असतो.

आर्ग्युमेंट काढताना मुलं डोळे मिटून टॅन इन्व्हर्स लावतात. −१ − इ साठी ४५ अंश येतात, बिंदू मात्र तिसऱ्या चरणात बसलेला असतो. आधी बिंदू मांडा, मग कोन, हा क्रम वहीत सक्तीने पाळायला लावा. मुख्य कोन काही पुस्तकं ० ते ३६० अंशांत घेतात, काही −१८० ते १८० मध्ये. बोर्डाचं पुस्तक आणि जेईईच्या क्लासचं पुस्तक एकाच दप्तरात असतं, तेव्हा हे आधीच बोलून टाका.

"इ मोठा की १?" हा प्रश्न दरवर्षी येतो. इ धन मानला तर इ² धन हवा, पण तो −१. ऋण मानला तर −इ धन, त्याचा वर्गही −१. दोन्हीकडून फसतं. रेषेवर पुढे-मागे असतं, पटांगणावर नसतं. अंतरांची तुलना करा, संख्यांची नको.

"सर, हे कशाला लागतं?"

हा प्रश्न उद्धट समजू नका, आणि "इंजिनीअरिंगला लागतं" एवढ्यावर बोळवणही करू नका. मुंबईच्या मुलाला देण्यासारखं उत्तर त्याच्या डोक्यावरच्या तारेत आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे लोकलच्या तारा टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसीवर आणल्या गेल्या, ते काम २०१६ मध्ये पूर्ण झालं. डीसीचा हिशेब साध्या संख्यांनी होतो. एसीत दाब आणि प्रवाह सेकंदाला ५० वेळा वर-खाली होतात, आणि दोघांची लय एकमेकांच्या पुढे-मागे सरकलेली असते. किती आणि किती अंशांनी मागे, या दोन गोष्टी एकत्र सांगायला लांबी आणि कोन असलेली संख्या लागते.

आकडे घ्या. घरच्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ पुरवठ्यावर ३० ओहमचा रोध आणि ज्याचा विरोध ४० ओहम आहे अशी कॉइल एकामागे एक जोडली. मुलं म्हणतील एकूण ७० ओहम, म्हणजे सुमारे ३.३ अँपिअर. अँमीटर ४.६ दाखवेल. कारण कॉइलमध्ये प्रवाह दाबापेक्षा ९० अंश, म्हणजे पाव गिरकी मागे राहतो, म्हणून तिचे ४० ओहम वरच्या दिशेने मांडायचे: ३० + ४०इ. लांबी ५०, आणि २३० ÷ ५० = ४.६. कोन सुमारे ५३ अंश, तितका प्रवाह दाबाच्या मागे. (इलेक्ट्रिकलवाले इ च्या जागी 'जे' लिहितात, त्यांच्याकडे 'आय' प्रवाहासाठी आधीच खर्ची पडलेलं असतं.) जमलं तर दुकानातून छताच्या पंख्याचा कंडेन्सर आणून वर्गात फिरवा. पंख्याच्या दोन गुंडाळ्यांपैकी एकीतला प्रवाह तो पुढे ढकलतो, त्या फरकावर पंखा सुरू होतो. तो गेला की पंखा नुसता घुमतो, फिरत नाही, हे प्रत्येक घरात कुणीतरी पाहिलेलं असतं.

काय सोडायचं, काय द्यायचं

ऑयलरचं घातांकाचं सूत्र पहिल्या आठवड्यात नको. हुशार मुलं यूट्यूबवर पाहून येतात आणि विचारतात. त्यांना तासानंतर सांगा. १ ची घनमुळं मात्र घ्या, आणि सूत्राआधी कंपासने. १ त्रिज्येचं वर्तुळ काढा, १ च्या बिंदूपासून तीच त्रिज्या परिघावर टाकत जा, सहा खुणा बसतात. एकाआड एक घेतल्या की १, आणि (−१ ± √३इ) ÷ २. या तीन घनमुळांची, म्हणजे पुस्तकातल्या १, ओमेगा आणि ओमेगाच्या वर्गाची, बेरीज शून्य का, हे त्या त्रिकोणाकडे पाहूनच पटतं.

घरच्या अभ्यासाला चार गणितं पुरतात, वीस नकोत. एक: क्ष² − ४क्ष + १३ = ० सोडवा आणि मुळं आलेखावर मांडा (२ ± ३इ, एकमेकांची प्रतिबिंबं का ते लिहा). दोन: कार्दानोचे दोन भाग घेऊन बेरीज आणि गुणाकार पडताळा. तीन: ज्याचे शिरोबिंदू १ + इ पासून सुरू होतात असा शून्यकेंद्री चौरस फक्त इ ने गुणत पूर्ण करा. चार: (१ + इ)⁸ काढा. काही मुलं आठ वेळा कंस सोडवून आणतील, काही (१ + इ)² = २इ करून चार ओळींत. एखादीच वहीत एवढंच लिहील की ४५ अंश आठ वेळा म्हणजे पूर्ण गिरकी, √२ आठ वेळा म्हणजे १६. तिन्ही वह्या दुसऱ्या दिवशी शेजारीशेजारी फळ्यावर उतरवून घ्या, पण कंस सोडवणाऱ्याची आधी.